उजेडात धरून पाहा

"पण ते खोटं होतं, हे आम्ही तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, बाबा. सगळ्यांना. लेखी. मग आता अडतंय कुठे?"

दौलतबाबा मांडीवरची खाकी टोपी पुसत होते.

टोपी फौजदाराची होती. दौलतबाबा मात्र कधीच फौजदार नव्हते. ते बहुरूपी. चाळीस वर्षं ते फौजदार होऊन गावोगाव हिंडले, लोकांना दरडावलं, कोऱ्या कागदावरून वॉरंटं वाचली. मग टोपी काढून हसायचे आणि लोक हसत हसत झोळीत पसाभर धान्य टाकायचे. आता गुडघे गेले होते. वाघदऱ्याच्या चावडीमागे एका खोलीत ते राहायचे. सोंग सुटलं, तरी टोपी पुसायची सवय सुटली नव्हती.

विचारणारी बाई पुण्याची होती. डॉ. यामिनी दातार. विद्यापीठात इंटरनेट आणि समाज यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं, त्याची ती प्रमुख. केंद्रात संगणकवाले होते, समाजशास्त्रवाले होते, कायदेवाले होते, आणि या तिघांची भांडणं सोडवायला एक संख्याशास्त्रवाला होता. तोच सगळ्यांत जास्त भांडायचा.

"परत सांगा," बाबा म्हणाले. "सावकाश. मला तुमचं ते यंत्रातलं समजत न्हाई."

यामिनीने परत सांगितलं. ते सांगण्याची तिला आता सवय झाली होती. दिल्लीत सांगितलं होतं, परदेशातल्या एका परिषदेत सांगितलं होतं, आणि दोन्हीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

खोटी बातमी गावात कशी पसरते, हे केंद्राला पाहायचं होतं. त्यासाठी बारा गावं निवडली. सरपंचांची परवानगी घेतली. मग गेल्या वर्षी फाल्गुनात त्या गावांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये एक मेसेज सोडला. कुणाचं नुकसान होणार नाही असा. त्यात कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, जात नव्हती, पक्ष नव्हता. एवढं सगळं गाळल्यावर विद्यापीठाच्या नैतिकता समितीने लगेच सही केली होती.

"काय लिवलं हुतं?"

"सावधान. घरगुती शेवयांमध्ये प्लास्टिकचे धागे मिसळले जात असल्याचं आढळलं आहे. घेताना उजेडात धरून पाहा."

बाबांचा हात टोपीवर थांबला.

"ह्ये शेवटलं कुणी लिवलं? उजेडात धरून पाहा?"

"मी." तिच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "नुसतं सावधान म्हटलं तर लोक वाचतात आणि सोडून देतात. हाताला काहीतरी काम दिलं की मेसेज पुढे जातो. आमचा अंदाज बरोबर निघाला. दीड दिवसात बाराही गावं."

"लई झ्याक," बाबा म्हणाले. ते चिडवत होते की खरंच म्हणत होते, ते तिला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी केंद्राने खुलासा पाठवला. विद्यापीठाच्या शिक्क्याचा. हा मेसेज अभ्यासासाठी होता, पूर्णपणे खोटा होता, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. वर्षाने विद्यार्थी पुन्हा गावोगाव गेले आणि लोकांना विचारलं, शेवयांची ती बातमी खरी की खोटी? शंभरातले त्र्याण्णव म्हणाले, खोटी.

इतका चांगला निकाल केंद्राला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

फक्त वाघदऱ्याच्या कागदाखाली एका विद्यार्थिनीने पेन्सिलने एक ओळ लिहिली होती. 'येथील एका स्त्रीचा शेवयांचा व्यवसाय बंद. कारण अस्पष्ट.'

अहवाल पंधरा दिवसांनी द्यायचा होता. कारण अस्पष्ट ठेवून अहवाल देता येत नाही, असं यामिनीने सहकाऱ्यांना सांगितलं आणि ती एकटीच एसटीने वाघदऱ्याला आली. ती पेन्सिलची ओळ महिनाभर डोक्यातून जात नव्हती, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळपासून ती गावात हिंडली होती. शेवया करणारी ती स्त्री म्हणजे हौसाबाई, एवढं तिला कळलं होतं. जो भेटला तो म्हणाला, खोटं हुतं ते मॅडम, आमाला ठाऊक हाय. मग ती विचारायची, यंदा शेवया कुणाच्या घेतल्या? आणि प्रत्येकाच्या शेवया दुसरीकडून आल्या होत्या. कुणाच्या सासुरवाडीहून. कुणाच्या तालुक्याच्या दुकानातून. शेवटी सरपंच हसून म्हणाले, "खोट्याचं काय इचारायचं आसंल तर आमच्या दौलतबाबाला इचारा. त्यांचा धंदाच त्यो!"

म्हणून ती इथे आली होती. थोडी चिडूनच.

"खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, बाबा. मग हौसाबाईंच्या शेवया कुणी का घेत नाही?"

बाबांनी टोपी उलटी केली. आतली घामाने काळी पडलेली पट्टी पाहिली.

"टोपी कुणी काढली?"

"म्हणजे?"

"सोंग तुम्ही घेतलं. टोपी कुणी काढली?"

"आमच्या केंद्राने. खुलासा पाठवला ना."

"केंद्राला डोस्कं असतंय व्हय?"

यामिनीला परिषदेत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मला सोंग चुलत्यानं शिकवलं," बाबा म्हणाले. "दरडवायचं कसं, चालायचं कसं, ते सा म्हैन्यात आलं. टोपी काढायला शिकायला दोन सालं गेली."

"त्यात काय शिकायचं?"

"म्हंजी बगा… चावडीवर शंभर माणसं हायत. मी फौजदार हाय. कुणी घाबरलंय, कुणी वळखून हसतंय, कुणाला कळंना झालंय. आता टोपी काढायची. कवा? समद्यांची नजर माझ्याकडं आसंल तवा. मागं बसलेल्या म्हाताऱ्याला दिसंल अशी. त्यो मला बी बघतो, आन् शेजाऱ्यानं बघितलं ह्ये बी बघतो. समदी एकदम हासतात. मग कुणाच्या मनात राहत न्हाई की मला कळलं, पर ह्याला कळलंय का."

ते थांबले. गुडघा चोळला.

"तुमचा कागुद समद्यांनी आपापल्या घरी वाचला. एकट्यानं. एकमेकांच्या तोंडाकडं बघत न्हाई वाचला."

यामिनीचं पेन हातात तसंच राहिलं.

"आता समदी म्हणतात, मला ठाऊक हाय खोटं हाय. पर पाव्हण्याला ठाऊक हाय का? सुनंच्या माहेरला ठाऊक हाय का? उगं कशाला ताटात वाढा, आन् कशाला कुणाच्या तोंडी लागा? हौसाचं कुणाशी वाकडं न्हाई, ताई. जो तो दुसऱ्याला भितोय."

तिने वही उघडली आणि भराभर लिहून घेतलं. चार खात्यांच्या माणसांना वर्षभरात जे दिसलं नव्हतं, ते या म्हाताऱ्याने गुडघा चोळता चोळता सांगितलं होतं. कारण आता अस्पष्ट नव्हतं. तिला आनंद झाला. खराखुरा आनंद. पुढे या दिवसाची आठवण निघाली की तिला सगळ्यांत जास्त लाज वाटायची ती त्या आनंदाची.

"पण आम्ही नाव तर कुणाचंच घातलं नव्हतं," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"तेच तर."

"काय तेच?"

"मी फौजदार झालो, तर फौजदारच. तलाठी झालो, तर तलाठी. चुलता म्हणायचा, बिनतोंडाचं सोंग कवाच घ्यायचं न्हाई. रिकामं तोंड दिलं की गाव आपल्या हातानं त्यात कुणाला तरी बसवतं. आमच्यात शेवया करणारी एकच हुती."

पेन थांबलं.

बाहेर चावडीपुढे कुणीतरी बैल पाणी पाजायला नेत होतं. त्याच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज लांब लांब जात राहिला.

"आनखी एक," बाबा म्हणाले. "वेशीच्या भाईर सोंग न्यायचं न्हाई. काय वाटंल ते होऊ दे. वेशीच्या दगडाच्या आत टोपी उतरायची… तुमच्या त्या जाळ्याला वेस कुठं असती?"

"नसते," ती म्हणाली. "त्याला वेस नसतेच, बाबा. तेच तर त्याचं…" तेच तर त्याचं मोठेपण आहे, असं ती वर्गात नेहमी म्हणायची. इथे तिने वाक्य अर्धंच सोडलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "तुम्ही कधी नेलंत? वेशीबाहेर?"

बाबांनी टोपीची कड पुन्हा पुसायला घेतली.

"एकदा," ते म्हणाले.

"कुठे?"

"पारगावला. अक्षय तृतीया हुती. चावडीवर सोंग लावलं. एक नारबा म्हणून गडी चावडीजवळच्या गिरणीवर दळाण घिऊन आल्ता. मी आपला सहज त्याच्याकडं बोट केलं. म्हणलं, तुझ्या नावाचं वारंट हाय, सांजंला ठाण्यावर चल. समदी हासली. मी टोपी काढली. आनखी हासली."

"मग?"

"नारबा तवर गिरणीच्या मागनं गेल्ता. त्यानं वारंट ऐकलं, टोपी बघितली न्हाई. त्याला जाताना मी बघितलं… म्हणलं, सांजंला गाठून सांगू. तेवढ्यात यष्टी आली. ऊन लई हुतं. बसलो."

टोपीवर धूळ उरली नव्हती. तरी ते पुसत होते.

"नारबा घरी आला नाही?"

"न्हाई. आजवर न्हाई. त्याच्या मनात काय हुतं, कशाला भ्याला, कुणालाच ठाऊक न्हाई. बायकू दारात बसून ऱ्हायली. मला कळलं सा म्हैन्यांनी. तवापास्नं दर साली अक्षय तृतीयेला जातो. तिच्या दारात हुबा ऱ्हातो. टोपी घालतो, आन् काढतो."

"ती काय म्हणते?"

"आधी दार लावून घ्यायची. आता पाणी दिती."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

यामिनीने वही मिटली. यातलं काही लिहून घ्यावं असं तिला वाटलं नाही. दिवसभरात पहिल्यांदाच तसं वाटलं नव्हतं.

"मला हौसाबाईंकडे न्याल?" ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. मीच लिहिलं होतं म्हणून."

बाबांनी काठी घेतली. टोपी पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

हौसाबाईचं घर देवळामागच्या बोळात होतं. दोन खोल्या, पुढे सारवलेली पडवी. पडवीत शेवयांचा पाट भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता, त्यावर पोतं. शेवया वाळत घालायच्या लांब काठीवर आता एक टॉवेल आणि एक परकर वाळत होता. चैत्र संपत आला होता. हे दिवस असे असायचे की या बोळातून जाताना डोकं वाकवून जावं लागायचं, इतक्या शेवया लोंबत असायच्या. हे बाबांनीच वाटेत सांगितलं होतं.

"या बाबा," हौसाबाई म्हणाली. पन्नाशीची, काटक, पिठाच्या सवयीने नखं अगदी बारीक कापलेली. "पाव्हण्या कोण म्हणायच्या?"

"पुण्याच्या हायत. तुझ्याकडं काम हाय त्यांचं."

"हौसाबाई, मला तुम्हाला एक…"

"आधी बसा तर," ती म्हणाली. "उनाचं आलाय. माझ्या दारात पाव्हणं येऊन साल झालं बगा. काम काय, कामं हुतात."

तिने बसायला हातरी टाकली. तांब्याभर पाणी आणून ठेवलं. आणि यामिनीला तोंड उघडू न देता आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला, मग दूध तापल्याचा वास, मग वेलदोड्याचा.

यामिनीने वाटेत वाक्य तयार केलं होतं. सरळ, स्वच्छ, कुठलंही कारण न देणारं. उंबऱ्यातच म्हणायचं असं ठरवलं होतं. आता ती हातरीवर बसली होती आणि आत तिच्यासाठी खीर होत होती.

"मागल्या सालच्या हायत," हौसाबाई वाटी घेऊन बाहेर आली. "घरात खायाला ठिवल्यात. मी आन् बाबा, दोघंच खातो. मी म्हणते बाबाला, तुमी बहुरूपी, तुमी खाऊन काय उपेग? तुमचं कोण खरं धरतंय?"

बाबा हसले. हौसाबाईही हसली. वर्षभराचं दुःख असं हसण्यावारी नेणाऱ्या बाईपुढे आपण बसलो आहोत, हे यामिनीला फार जड झालं. तिने वाटी घेतली. गरम होती. पदराने धरून दिलेली.

तिने चमचा भरला.

चमचा तोंडाशी जायला हवा होता. तो थोडा वर गेला. दाराकडे वळला. बाहेरून उन्हाची तिरीप येत होती तिथे. चमच्यावरून एक शेवई खाली लोंबत होती, पांढरी, दुधाने चकाकणारी.

यामिनीने ती पाहिली.

किती वेळ? पापणी लवायला लागतो तेवढाच. त्याहून जास्त नाही.

मग आपला हात कुठे आहे, ते तिला कळलं.

चमचा तिने घाईने तोंडात घातला. जीभ भाजली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. वाटी रिकामी होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"फार छान झालीये," ती म्हणाली.

"व्हय," हौसाबाई म्हणाली.

ती समोर उभी होती. दोन्ही हात पदराला पुसत. हात कोरडेच होते. गेल्या वर्षी शेवया विकायला गेली तेव्हा तिने अशी उजेडात धरलेली शेवई इतक्या घरांत, इतक्या हातांत पाहिली होती, की पापणी लवण्याएवढा वेळही तिला पुरला होता.

बाबा उंबऱ्याकडे पाहत होते.

आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. तयार केलेलं वाक्य कुठेतरी गेलं होतं, आणि यामिनीच्या तोंडून निघालं ते साधंच निघालं.

"हौसाबाई, तो शेवयांचा मेसेज मी लिहिला होता. अभ्यासासाठी. पूर्ण खोटा. सगळा मी बसून लिहिला."

हौसाबाई खाली बसली.

"उजेडात धरून बघा… ते बी?"

"तेसुद्धा. तेच तर मी लिहिलं."

"म्हंजी खोटं हाय ह्ये समद्यांत जास्ती तुम्हालाच ठाऊक."

"हो."

"मग तुमी का बघितलं?"

या प्रश्नाला उत्तर होतं. यामिनीचा यावर एक लेखही होता, चाळीस पानांचा, शेवटी संदर्भांची मोठी यादी असलेला. त्यातली एक ओळही या पडवीत उच्चारता येण्यासारखी नव्हती. तिला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही.

"मला माफ करा," ती म्हणाली.

"माफ काय करायचं, ताई. तुमी आलात तरी. बाकीच्यांनी कुठं इचारलं?" हौसाबाईने रिकामी वाटी उचलली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पर एक सांगते. आजवर मला वाटायचं, ही लोकं बघतात ते त्यांना खरं वाटतंय म्हणून बघतात. कुणीतरी येऊन नीट सांगंल एक दिस. मग न्हाई बघायची. तेवढ्यावर मी ह्यो पाट इकला न्हाई."

ती उठली. पाटावरचं पोतं एका बाजूने सरकलं होतं, ते तिने नीट केलं.

"आज कळलं, ठाऊक आसलं तरी बघतात."

आणि वाटी घासायला ती मागच्या दारी निघून गेली.

वेशीपर्यंत बाबा सोबत आले. गुडघ्यामुळे सावकाश चालावं लागत होतं, आणि यामिनीला ते बरं वाटत होतं. वेशीचा दगड शेंदूर फासलेला होता. त्याच्या पलीकडे एसटीचा थांबा. गाडी यायला अजून वेळ होता.

"मी त्यांच्याकडून शेवटचं होतं तेही घेतलं, बाबा," ती म्हणाली.

बाबा दगडाला टेकून उभे राहिले.

"पण मी सांगणार. अहवाल राहू दे तिकडे. आठ दिवसांनी अक्षय तृतीया आहे. सगळं गाव देवळापुढे जमतं ना? मी येते. सगळ्यांसमोर उभी राहते. माझ्या तोंडाने सांगते. आणि तिथेच सगळ्यांदेखत हौसाबाईंच्या शेवया खाते." ती थांबली. "खाली मान घालून. उजेडाकडे न बघता. जमेल मला?"

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही असाल ना, बाबा? तुम्ही शेजारी असलात तर मला धीर येईल."

वळणावर एसटीची धूळ दिसू लागली. बाबांनी पिशवीवर हात ठेवला. आत टोपी आहे ना, हे चाचपून पाहावं तसा.

"त्या दिशी मी पारगावला आसतो, ताई… माझी टोपी अजून निघाली न्हाई."